डार्कलँड्स : पहिल्या चौघांची निवड आणि वयाचा हिशेब

घोडबंदरकर (धागालेखक)

नमस्कार. मायक्रोप्रोजने 1992 साली काढलेला 'डार्कलँड्स' हा आरपीजी (पात्रे घडवून त्यांच्या भूमिकेत खेळायचा संगणक खेळ) गेले दोन महिने, रात्रीची जेवणे उरकल्यावर, मी डॉसबॉक्सवर (जुने डॉस खेळ आजच्या संगणकावर चालवणाऱ्या प्रणालीवर) खेळत आहे आणि आजवर तीन चौकड्या गमावून बसलो आहे. तिन्ही वेळा दोष लढाईतल्या डावपेचांचा नव्हता, सरायीत बसून पात्रे घडवताना केलेल्या हिशेबाचा होता, असे माझे मत झाले आहे. म्हणून हा धागा.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. काळ पंधराव्या शतकाचा आहे आणि भूमी पवित्र रोमन साम्राज्याची, म्हणजे ढोबळमानाने आजच्या जर्मनीची व तिच्या शेजारच्या मुलखाची. शहरे, नद्या आणि व्यापारी घराणी इतिहासातली आहेत. मात्र त्या काळचा सामान्य माणूस ज्या ज्या गोष्टींवर विश्वास ठेवीत असे त्या सगळ्या इथे खऱ्या धरल्या आहेत. संताला आळवले तर संत धावून येतो, किमयागाराची कुपी खरोखरच पेट घेते, खाणीत कोबोल्ड नावाची भुते वावरतात आणि आडरानातल्या एखाद्या गावात सगळे गावकरी मिळून सैतानाची पूजा करीत असतात. आपण चार माणसे घेऊन कीर्ती मिळवायला निघतो.

ही चार माणसे घडवण्याची रीत हा खेळाचा सर्वांत विलक्षण भाग आहे. 'योद्धा', 'जादूगार' असे शिक्के इथे नाहीत. प्रथम मूल कोणत्या घरात जन्मले ते ठरवायचे : उमरावाच्या, शहरी धनिकाच्या, कारागिराच्या की खेड्यातल्या गरिबाच्या. मग पंधराव्या वर्षापासून पाच-पाच वर्षांचे आयुष्य त्याच्या हातात द्यायचे. पाच वर्षे शिपाई, पुढची पाच शिकारी, किंवा पाच वर्षे विद्यार्थी आणि पुढची दहा वैद्य. प्रत्येक टप्प्याला कौशल्ये वाढतात आणि वयही वाढते. तिशी ओलांडली की दम, ताकद, चपळाई थोडी थोडी ओसरू लागते आणि चाळिशीनंतर ती ओहोटी डोळ्यांना दिसते. कुठे थांबायचे ते आपण ठरवायचे.

माझी पहिली चौकडी विशीतली होती. चौघेही दणकट, चौघेही तलवारबाज, आणि चौघेही निरक्षर. शहरात कोणी त्यांना उभे करीत नसे. दुसरी चौकडी पंचेचाळिशीतल्या विद्वानांची होती. लॅटिन उत्तम, किमया उत्तम, आणि दुसऱ्याच दिवशी लांडग्यांनी त्यांना संपवले. तिसऱ्या वेळी मी इतर खेळांत करतो तेच केले : एक शिपाई, एक धर्मगुरू, एक किमयागार आणि एक चोर. रात्री एका बोळात पाच-सहा गुंड आडवे आले, शिपाई एकटाच लढला आणि बाकीचे तिघे प्रेक्षकांसारखे मेले.

माझा प्रश्न असा आहे की कोणाला किती वर्षे जगू द्यावे, याला काही धोरण आहे का?

---

नेरूळ पश्चिम

तुमच्या तिसऱ्या चौकडीचे दुखणे मला सर्वांत शिकवणारे वाटते, कारण तिथे आपण सगळेच एकदा तरी अडकतो. दुसऱ्या खेळांची सवय अशी असते की चार धंद्यांची चार माणसे गोळा केली की काम झाले. इथे मात्र लढाईला तोंड लागले की मैदानात चौघेही असतात आणि शत्रू 'हे गृहस्थ वैद्य आहेत' असा विचार करीत नाही. त्यामुळे प्रत्येकाच्या हातात एक तरी शस्त्र बऱ्यापैकी बसलेले असणे ही पहिली अट आहे; धंदा त्यानंतर.

मी पात्रे घडवताना कौशल्यांची वाटणी एका प्रश्नावर करतो : हे काम चौघांतला एकच माणूस सगळ्यांच्या वतीने करू शकतो का? जखमा बांधणे, कुलपे आणि सापळे हाताळणे, किमया करणे, लॅटिन वाचणे ही कामे एकाने केली तरी चालतात. त्यामुळे दोन वैद्य किंवा दोन लॅटिन पंडित म्हणजे पाच-दहा वर्षांची उधळपट्टी आहे. याउलट रात्री तटाची भिंत चढून आत शिरायचे असेल, पहारेकऱ्यांची नजर चुकवायची असेल, तर तीन चपळ आणि एक धांदरट अशा चौकडीचा उपयोग नसतो, कारण तो एक धांदरट बाकीच्या तिघांना घेऊन खाली येतो. म्हणून चोरपावलांनी चालण्याचे कौशल्य आणि चपळाई यांत कोणालाही अगदी तळाला ठेवू नये.

बोलण्याचे काम तिसऱ्या प्रकारातले आहे. ते पुढारी करतो. पुढारी म्हणून ज्याला उभे कराल त्याची छाप आणि लोकभाषेवरची पकड चांगली हवी, म्हणजे वेशीवरचा शिपाई, बाजारातला व्यापारी आणि परगण्याचा उमराव यांच्यासमोर तोच पुढे होईल. माझ्या मते हा मान तुमच्या सर्वांत बलवान माणसाला देण्याची गरज नाही. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेला, दोन टप्पे फिरती विक्री केलेला माणूस हे काम चोख करतो आणि त्याला गल्लीबोळांची जाणही असते.

तेव्हा धंदे मोजू नका. एकाने भागणारी कामे, पुढाऱ्याची कामे आणि चौघांनाही चुकवता न येणारी कामे मोजा. वयाचा प्रश्न त्यातून आपोआप बराचसा सुटतो.

---

नौपाड्याचा हिशेबनीस

नेरूळकरांशी सहमत आहे. फक्त त्यांनी पैशाची बाजू सोडली आहे, ती मी भरून काढतो. व्यवसायाने लेखापाल असल्यामुळे मला या खेळात सर्वांत आधी नाणी दिसली.

चलन असे आहे की 12 फेनिगचा 1 ग्रोशन आणि 20 ग्रोशनचा 1 फ्लोरिन, म्हणजे 1 फ्लोरिनचे 240 फेनिग. ज्यांच्या आजोबांनी रुपये-आणे-पै पाहिले आहेत त्यांना हे परके वाटणार नाही. तिथेही 12 पैचा 1 आणा होता, फक्त रुपयाचे आणे 16, म्हणून रुपयाच्या पै 192. सुरुवातीला चौकडीच्या थैलीत मोजकेच फ्लोरिन असतात, आणि ती रक्कम माणसे कोणत्या घरांतून आली व शेवटी काय धंदा करीत होती यावर ठरते. ही थैली चौघांची सामायिक आहे. त्यामुळे चौघांत एक उमरावपुत्र किंवा धनिकपुत्र असला की बाकीच्या तिघांचे दारिद्र्य झाकले जाते. चौघेही शेतकऱ्याच्या घरचे घेतले तर पहिला महिना सरायीत राहून मजुरी करण्यात जातो. तसे खेळायलाही मौज आहे, पण धागालेखकांनी विचारले आहे ते धोरण.

आता मुख्य मुद्दा. या खेळात काही गोष्टी नंतर विकत मिळतात आणि काही मिळत नाहीत. कौशल्य वापरता वापरता वाढते, शहरात पैसे मोजून शिकताही येते. संतांची माहिती मठातल्या ग्रंथांतून मिळते, किमयेच्या कृती दुसऱ्या किमयागारांकडून देवाणघेवाणीने मिळतात, शस्त्रे आणि चिलखते बाजारात आहेतच. पण दम, ताकद, चपळाई, निरीक्षण, बुद्धी आणि छाप हे मूळ गुण कायमचे वाढवण्याचे मार्ग जवळजवळ नाहीतच. कुपी किंवा संत ते तात्पुरते उचलून धरतात एवढेच. म्हणजे मूळ गुण हे मुद्दल आहे आणि कौशल्य हे कमाईतून उभे राहणारे. पात्र घडवताना मिळालेले गुणांचे जादा वाटप मुद्दलात टाका, आणि मुद्दल झिजेपर्यंत माणसाला म्हातारे करू नका.

म्हणून माझे वैयक्तिक गणित असे आहे की दोन माणसे पंचवीस-तिशीत थांबवावीत, एक पस्तिशीपर्यंत न्यावा आणि फक्त एकाला चाळिशी ओलांडू द्यावी. तो एक कोण, यावर वाद होऊ शकतो. मी किमयागाराला मत देतो.

---

वाशीची मास्तरीण

इतिहास शिकवते म्हणून या वादात थोडी उशिरा पण हक्काने पडते.

खेळ पात्रांच्या आयुष्याला ज्या अटी घालतो त्या लहरी नाहीत, हे समजून घेतले की निवड सोपी जाते. लॅटिन मिळवायला विद्यार्थी व्हावे लागते किंवा मठात जावे लागते, कारण त्या समाजात विद्येची दारे मुख्यतः तीच होती. त्या मुलखातले पहिले विद्यापीठ प्रागला 1348 साली निघाले, त्यानंतर व्हिएन्ना 1365, हायडेलबर्ग 1386 आणि कोलोन 1388. म्हणजे खेळ सुरू होतो तेव्हा ही विद्यापीठे दोन-तीन पिढ्यांहून जुनी नव्हती, आणि तिथल्या व्याख्यानांची भाषा लॅटिन होती. शेतकऱ्याच्या मुलाला खेळात हा रस्ता अवघड केला आहे तो यामुळे. वैद्य, किमयागार, कारकून, प्राध्यापक हे सगळे त्याच एका नळीतून बाहेर पडतात. म्हणून ज्याला म्हातारा करायचे आहे तो शहरी घरात जन्मलेला असावा, म्हणजे पहिली पाच वर्षे वाया जात नाहीत.

दुसरी गोष्ट दैवी कृपेची. आपल्याकडे नवस बोलतात आणि मग तो फेडतात. इथे उलटे आहे, आधी साठवलेले खर्ची घालायचे असते. संताला आळवले की दैवी कृपेच्या साठ्यातून काही भाग जातो, आणि जास्त खर्च करायची तयारी ठेवली तर संत ऐकण्याची शक्यता वाढते. शिवाय प्रत्येक संताची सद्गुणाची एक किमान अट असते; ज्याचे आचरण त्याखाली आहे त्याने कितीही प्रार्थना केली तरी उपयोग नसतो. मठात आणि चर्चच्या सेवेत घालवलेल्या वर्षांतून हा सद्गुण उभा राहतो. शंभराहून अधिक संत या खेळात आहेत, आणि सुरुवातीला माहीत असलेले दोन-चारच असतात.

माझे म्हणणे हिशेबनीसांच्या विरुद्ध आहे. चाळिशी ओलांडायचीच असेल तर ती धर्मगुरूने ओलांडावी. किमया नंतर शिकता येते, कृती नंतर मिळतात. सद्गुण मात्र सावकाश मिळतो आणि भराभर जातो, विशेषतः ज्यांना रात्री बोळात मारामाऱ्या करायच्या आहेत त्यांचा.

अवांतर : खेळात टेंपलर या धर्मयोद्ध्यांच्या पंथाचे लोक बाफोमेट या सैतानी दैवताची पूजा करताना दिसतात. हा पंथ 1312 सालीच बरखास्त झाला होता आणि त्याचे शेवटचे प्रमुख जाक द मोले यांना 1314 मध्ये जाळण्यात आले. म्हणजे त्यांच्यावर जो आरोप ठेवला गेला तो शंभर वर्षांनी खरा निघाला, अशी कल्पना खेळाने केली आहे. इतिहास म्हणून चूक आणि लोकसमजूत म्हणून अगदी चपखल.

---

तुर्भे एमआयडीसी

मास्तरीणबाई, सविनय असहमती.

आमचे आयुष्य कारखान्यात रसायने मिसळण्यात गेले, त्यामुळे पक्षपात मान्य करूनच लिहितो. किमया नंतर शिकता येते हे तत्त्वतः बरोबर आहे. पण नंतर म्हणजे कधी? प्रत्येक औषधाची हलकी, मध्यम आणि भारी अशा तीन प्रतींची कृती असते आणि प्रतीबरोबर अवघडपणा वाढतो. तो अवघडपणा पेलायला किमयेचे कौशल्य आणि परिसाची प्रत या दोन्ही गोष्टी लागतात. कौशल्य कमी असताना भारी कृतीला हात घातला तर माल फुकट जातो किंवा भांडे फुटते, आणि मग सरायीत चौघेही भाजतात. असा माणूस तयार होईपर्यंत तुम्ही बाकीचे तिघे किती वेळा गमावणार?

उलट किमयागाराच्या धंद्यात दहा वर्षे घालवलेला माणूस पहिल्या दिवशीच काही कृती माहीत असलेला मिळतो. खाणारे पाणी म्हणजे ईटर-वॉटर नावाची कुपी कुलपावर ओतली की दार उघडते. सनबर्स्ट फेकली की समोरच्याचे डोळे दिपतात. अशा चार कुप्या जवळ असल्या की धागालेखकांचा तो बोळातला प्रसंग वेगळा झाला असता.

कच्च्या मालाची यादी वाचताना मला फार आनंद झाला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. नॅप्था, तुरटी, अँटिमनी, हरताळ, मँड्रेकचे मूळ. हरताळ म्हणजे आर्सेनिकचे पिवळे खनिज. आपल्याकडे पोथीतले चुकलेले अक्षर झाकायला तेच फासत असत आणि तिथूनच वाक्प्रचार आला. आमच्या कामाच्या ठिकाणी तुरटी पोत्यांनी यायची, आणि इथे ती बाजारात जपून विकत घ्यावी लागते.

एक व्यावहारिक सूचना देतो. किमयागाराला लढाईत मागे उभे राहता यावे म्हणून त्याच्या हाती आडवे धनुष्य (क्रॉसबो) द्या. त्यासाठी त्या कौशल्यात दोन-तीन टप्प्यांत थोडे थोडे गुण टाकत जा. एकदम टाकायला मर्यादा आहे.

---

ऐरोली पूल

दोघेही बरोबर आहात आणि म्हणूनच दोघांनाही म्हातारे करायचा मोह आवरा, एवढेच सांगतो. दोन म्हातारे झाले की राहिलेल्या दोन तरुणांवर सगळी लढाई पडते, आणि हेच तर धागालेखकांच्या तिसऱ्या चौकडीचे झाले होते.

शिवाय वृद्धापकाळाची किंमत कुठे मोजावी लागते ते पाहा. घाव दोन प्रकारे लागतो. चिलखत शस्त्राला पुरून उरले तर बहुतेक घाव दमातून जातो, आणि दम थोड्या विश्रांतीने परत येतो. शस्त्र चिलखत भेदून आत गेले तर ताकद जाते, आणि ती भरून यायला दिवसच्या दिवस लागतात. म्हाताऱ्याकडे दोन्ही साठे लहान असतात. त्यात तुम्ही त्याच्यावर जड चिलखत चढवले तर ओझ्याखाली चपळाईही जाते. म्हणजे तो ना अंग चोरू शकत, ना सोसू शकत.

---

नेरूळ पश्चिम

ऐरोलीकरांनी चिलखताचा विषय काढला म्हणून शस्त्रांबद्दल थोडे. नवीन माणसे चौघांनाही तलवार देतात, कारण तलवार चांगली दिसते. खेळ शस्त्रांचे सात गट करतो : धारेची, आघाताची, साखळगोळ्याची, लांब दांड्याची, फेकायची, धनुष्ये, आणि आडवी धनुष्ये व बंदुका यांसारखी यंत्रे. प्रत्येक गट हे वेगळे कौशल्य आहे. सुरुवातीला गुंडांच्या अंगावर फारसे काही नसते, तेव्हा तलवार पुरते. पण एखाद्या लुटारू सरदाराच्या गढीवर जाल तेव्हा समोर पोलादी पत्रा असेल, आणि त्याच्यावर तलवार नुसती वाजते. तिथे हातोडा किंवा गदा चालते. म्हणून दोन तरुणांपैकी एकाला आघाताचे शस्त्र लहानपणापासून, म्हणजे पहिल्याच टप्प्यापासून, हाती द्यावे. हे सुचायला मलाही दोन चौकड्या घालवाव्या लागल्या होत्या.

---

पाचपाखाडी

एक आडमार्ग कोणी सांगितला नाही म्हणून सांगतो. सरायीत नवी पात्रे घडवायची, त्यांचे सामान आणि पैसे आपल्या चौकडीत घ्यायचे आणि त्यांना तिथेच निरोप द्यायचा. अशी आठ-दहा माणसे 'भादरली' की पहिल्या दिवशीच चिलखते येतात.

---

वाशीची मास्तरीण

हा आडमार्ग माहीत आहे. त्या निरोप दिलेल्या माणसाने पंधरा वर्षे शिपाईगिरी केलेली असते, याचे मला उगाच वाईट वाटते.

---

नौपाड्याचा हिशेबनीस

भावनेचा भाग सोडला तरी तो व्यवहार तोट्याचा आहे. पहिल्या महिन्यातली टंचाई हाच तर खेळाचा सर्वांत रंगतदार भाग आहे. कोणाला आधी चिलखत घ्यायचे, रात्र सरायीत काढायची की पैसे वाचवायचे, मेदिची किंवा फुगर या धनाढ्य व्यापारी घराण्यांच्या माणसाकडे काम मागायला आत्ताच जायचे की थोडे नाव झाल्यावर, हे निर्णय थैली रिकामी असतानाच अर्थपूर्ण असतात. जाता जाता : मेदिचींची पेढी 1397 सालची, आणि हान्स फुगर आउग्सबर्गला आला तो 1367 साली. म्हणजे तुमची चौकडी कामासाठी त्यांच्या दारात उभी राहते तेव्हा ही घराणी पुढच्या वैभवाच्या मानाने अजून बाल्यावस्थेत आहेत.

---

घोडबंदरकर (धागालेखक)

सर्वांचे मनापासून आभार. इतके नेमके मार्गदर्शन मिळेल असे वाटले नव्हते. शनिवारी दुपारी तलावपाळीला फेरी मारताना डोक्यात जुळवाजुळव केली आणि रात्री चौथी चौकडी घडवली. घरच्यांनी तिचे नाव चांडाळचौकडी ठेवले आहे, ते मी तूर्त स्वीकारले आहे.

पहिला, उमरावाच्या घरचा, पाच वर्षे वारसपुत्र म्हणून आणि पुढची पाच शिपाई म्हणून घालवून पंचविसाव्या वर्षी थांबवला. तलवार आणि घोडेस्वारी त्याच्याकडे आहे, आणि थैलीतले निम्मे फ्लोरिन त्याच्यामुळेच आले. दुसरा खेड्यातला, शिपाई आणि मग शिकारी. तोही पंचविशीतला. नेरूळकरांच्या सांगण्यावरून त्याच्या हाती हातोडा दिला आणि रानाची जाण त्याच्याकडे ठेवली. तिसरी स्त्री आहे, व्यापाऱ्याच्या घरातली, पंधरा वर्षे फिरतीच्या व्यापारात काढून तिशीला थांबवली. पुढारी तीच. छाप, लोकभाषा, गल्लीबोळांची जाण आणि थोडी चोरपावले तिच्याकडे आहेत, आणि धनुष्यावर तिचा हात ठीक बसलेला आहे.

चौथ्याबद्दल मात्र मास्तरीणबाई आणि तुर्भेकर या दोघांचीही क्षमा मागून मी मधला मार्ग काढला. तो शहरी कारागिराचा मुलगा. आधी विद्यार्थी, मग दोन टप्पे किमयागार, मग शेवटची पाच वर्षे मठात. वय पस्तीस. सद्गुण फार मोठा नाही आणि किमयाही भारी प्रतीची नाही, पण दोन्हींची सुरुवात झालेली आहे आणि त्याचे गुडघे अजून शाबूत आहेत. आडवे धनुष्य त्याच्याकडेच दिले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मठात गेलेल्या पाच वर्षांऐवजी आणखी पाच वर्षे किमयेत घातली असती तर मला पहिल्या दिवशी जास्त कुप्या मिळाल्या असत्या, हे घडवतानाच दिसत होते. तरीही हात वळला नाही, कारण हा माणूस परीस शोधता शोधता कंटाळून मठात गेला आणि तिथूनही बाहेर पडला, अशी त्याची कथा माझ्या मनात तोवर तयार झालेली होती.

---

तुर्भे एमआयडीसी

क्षमा केली. असा एक माणूस आमच्याच खात्यात होता.

---

वाशीची मास्तरीण

निवड आवडली. फक्त पहिल्या मोठ्या शहरात पोहोचलात की आधी मठाचा रस्ता विचारा, शस्त्रबाजाराचा नव्हे. पस्तिशीतल्या माणसाला अभ्यासाला अजून वेळ आहे, पण तुम्ही त्याला रोज रात्री बोळात घेऊन गेलात तर त्याचा सद्गुण संपेल आणि संतांची नावे पाठ असूनही कोणी ओ देणार नाही. वाटेत चेक धर्मसुधारक हुसच्या अनुयायांविषयी काही कानावर आले तर तेही लक्षात ठेवा. यान हुसला 6 जुलै 1415 रोजी कॉन्स्टन्सला जाळले आणि त्याच्या पाठोपाठ बोहेमियात जी युद्धे पेटली त्यांची छाया त्या मुलखावर पंधरा वर्षे होती.

---

घोडबंदरकर (धागालेखक)

चार दिवसांनी लिहितो आहे. चौघेही जिवंत आहेत.

सराय न्यूर्नबर्गची मिळाली. पहिल्याच रात्री मुद्दाम बोळात गेलो, कारण गुंडांची हत्यारे विकून पैसे उभे करण्याची युक्ती मला आधीच्या तीन पराभवांतून कळली होती, फक्त ती अमलात आणण्याइतकी माणसे कधी उरली नव्हती. चौघे गुंड होते. मी खेळ थांबवून प्रत्येकाला हुकूम दिले : किमयागाराने आडव्या धनुष्याचा पहिला बाण सोडायचा आणि मागे राहायचे, व्यापारीणबाईंनी धनुष्य चालवायचे, आणि दोघा तरुणांनी बोळाचे तोंड अडवायचे. बोळ अरुंद असल्यामुळे ते समोरासमोर दोनच येऊ शकले. उमरावपुत्राची थोडी ताकद गेली, बाकीच्यांचा फक्त दम. सकाळी सगळी हत्यारे विकली आणि त्यातून एक साखळी चिलखत घेण्याइतके फ्लोरिन जमले.

आता अडचण अशी आहे की चिलखत एकच आहे आणि माणसे चार. नियमाप्रमाणे ते पुढे लढणाऱ्याला द्यावे, पण मला ते किमयागाराला द्यावेसे वाटते, कारण तो गेला तर कुप्या आणि प्रार्थना दोन्ही एकाच वेळी जातात.

---

ऐरोली पूल

हातोडेवाल्याला द्या. त्याला शत्रूच्या सर्वांत जवळ जावे लागते आणि ओझे पेलण्याइतकी ताकद त्याच्याकडे आहे. किमयागाराला चामड्याचा अंगरखा पुरे.

---

नौपाड्याचा हिशेबनीस

हातोडेवाल्याला. विमा ज्याचा अपघात होण्याची शक्यता जास्त त्याचा आधी काढतात.

---

घोडबंदरकर (धागालेखक)

दोघांचेही ऐकायला हवे होते. धागा वाचण्याआधीच मी चिलखत किमयागाराला चढवले होते. काल रात्री वेशी बंद झाल्यावर शहरापाशी पोहोचलो, तटाची भिंत चढून जायचे ठरवले, बाकीचे तिघे वर गेले आणि हा गृहस्थ त्या ओझ्यानिशी अर्ध्यावरून खाली आला. आवाजाने पहारेकरी जागे झाले. व्यापारीणबाईंनी बोलून निभावून नेले, पण त्यांच्या हातावर जे ठेवावे लागले त्यात पुढच्या चिलखताचे पैसे गेले. चिलखत आता हातोडेवाल्याच्या अंगावर आहे आणि किमयागार सरायीत पाय शेकत पडला आहे. तो बरा होईपर्यंत मठाचा रस्ता विचारून ठेवतो.